मुंबई ते लंडन विमानाने किती तास? तिकिटावरची वेळ अशी वाचा

शिकायला किंवा नोकरीला आपल्या तालुक्यातली पोरं आता लंडनला जाऊ लागलीत. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : किती लांब आहे आणि पोचायला किती वेळ लागतो?

मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. असे दहा महामार्ग एकापुढे एक जोडले तरी लंडन शे-दोनशे किलोमीटर उरतंच. थेट विमानाला जाताना साधारण दहा तास लागतात, येताना नऊच्या आसपास.

विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे हिशेबाने आठच तास व्हायला हवेत. पण सरळ रेषेत जाता येत नाही. ही रेषा पाकिस्तान आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, तर पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना बंदी घातली. त्यामुळे वळसा पडतो. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो. परतीचा तास असा वाचतो.

खरा घोळ होतो तो तिकिटावर. तिथे निघण्याची वेळ भारताची आणि उतरण्याची वेळ लंडनची छापलेली असते. समजा जून महिना आहे, विमान मुंबईहून दुपारी २ ला निघालं आणि लंडनला संध्याकाळी साडेसातला उतरलं. बघणाऱ्याला वाटतं साडेपाच तासांत पोचलं! पण तेव्हा आपल्याकडे रात्रीचे १२ वाजलेले असतात. लंडनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या मागे साडेचार तास, तर हिवाळ्यात साडेपाच तास असतं. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढे-मागे करतात. परतीला उलटं होतं : जूनमध्येच रात्री ९ ला निघालेलं विमान नऊ तास उडून आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला पोचतं.

आणखी एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तिकिटावर १५ तारीख, वेळ ०१:३० असेल तर ती १४ तारखेची रात्र संपल्यावरची वेळ आहे. म्हणजे १४ ला रात्री साडेदहापर्यंत विमानतळावर हजर पाहिजे, कारण परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचावं लागतं. १५ ला रात्री गेलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं, आणि तिकिटाचे पैसेही बहुतेक बुडतात. गावाकडून निघताना घाट, टोल आणि मुंबईतलं ट्रॅफिक धरून दोन-तीन तास जास्तच ठेवा.

दुबई किंवा दोहाला विमान बदलायचं असेल तर तिकीट बऱ्याचदा स्वस्त पडतं, पण तिथे थांबावं किती लागतं ते आधी बघा. सगळा प्रवास मग पंधरा-वीस तासांवरही जातो.

विमान उडाल्यावर मोबाईलवर फ्लाइटरडार२४ अॅपमध्ये फ्लाइट नंबर टाकला की ते कुठे आहे ते दिसतं. समुद्रावर किंवा वाळवंटावर ते मधेच गायब झालं तर घाबरू नका. जमिनीवरच्या यंत्रांना तिथे सिग्नल मिळत नाही. थोड्या वेळाने विमान पुन्हा दिसू लागतं. आणि पोराचा फोन उतरल्या-उतरल्या येईलच असं नाही. पासपोर्ट तपासणीच्या रांगेत कधी तासभरही जातो.