योनाची वेल

पवित्र शास्त्रातील एका वनस्पतीच्या नावावरून भर उपासनेत गलबला व्हावा, हे आज आपल्याला खरे वाटणार नाही. परंतु संत ऑगस्टीन यांनी इ. स. ४०३ मध्ये संत जेरोम यांना धाडलेल्या पत्रात हा प्रसंग नोंदविला आहे. उत्तर आफ्रिकेतील ओएआ, म्हणजे आजचे त्रिपोली, येथील बिशपांनी जेरोम यांचे नवे लॅटिन भाषांतर मंदिरात वाचावयास आरंभ केला. योना संदेष्ट्यावर सावली धरणारी वेल भोपळ्याची, हे पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या कानी बसलेले. जेरोम यांनी तेथे भिंतीवर चढणारी आयव्ही घातली होती. लोक खवळले. ग्रीक भाषकांनी तर भाषांतर खोटेच ठरविले. गावातील यहुदी जाणकारांनीही जुन्याच शब्दाची बाजू घेतली. कळप विखुरण्याच्या भयाने बिशपांना माघार घ्यावी लागली.

ऑगस्टीन यांना चिंता वेलीची नव्हती. ग्रीक ख्रिस्तसभा सत्तर पंडितांचे ग्रीक भाषांतर वाचते. लॅटिन मंडळी थेट हिब्रूवरून वाचू लागली तर दोघींत अंतर पडेल, असे त्यांना वाटत होते. प्रार्थनेतील एखादा शब्द बदलताच आपल्या वडीलधाऱ्यांत उठणारी कुजबुज ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही चिंता उमगेल.

जेरोम यांचा स्वभाव मुळातच तापट. बेथलेहेमहून आलेल्या उत्तरात त्यांनी भोपळेवाल्यांची यथेच्छ थट्टा केली. मात्र त्याच उत्तरात एक प्रामाणिक कबुलीही आहे. मूळ हिब्रू शब्दाची वनस्पती ना भोपळा, ना आयव्ही. द्राक्षवेलीसारखी रुंद पाने, झपाट्याने वाढ, आणि आधाराविना आपल्याच खोडावर उभी, असे तिचे वर्णन ते करतात. अनेक अभ्यासक तिला आपला कुंपणाकडेचा एरंड मानतात. लॅटिनमध्ये तिला नावच नव्हते. म्हणून पूर्वीच्या काही भाषांतरकारांना अनुसरून आयव्ही लिहिली, असे ते सांगतात.

पुढे ‘देवाचे नगर’ या ग्रंथात ऑगस्टीन पुन्हा योनाकडे वळले. निनवेच्या नाशाला हिब्रूत चाळीस दिवसांची मुदत, ग्रीकमध्ये तीन. योना चाळीसच म्हणाला असावा, हे त्यांनी मान्य केले. तरी तीन हा आकडा त्यांनी टाकला नाही. तीन दिवसांत त्यांना प्रभूचे पुनरुत्थान दिसले, चाळिसांत पुनरुत्थित प्रभूचा शिष्यांसह सहवास. एकच पवित्र आत्मा दोन्ही वचनांतून बोलला, असा अर्थ त्यांनी लावला. तो वाचावयास जेरोम मात्र राहिले नव्हते, इ. स. ४२० च्या सुमारास बेथलेहेम येथेच त्यांनी देह ठेवला होता.