बांबूंमधलं पाऊल: तिनिक्लिंगचा मागोवा

नऊएक फूट लांबीचे दोन बांबू जमिनीवर समांतर ठेवायचे, दोन्ही टोकांना त्यांच्याखाली एकेक आडवी फळी सरकवायची आणि टोकांशी दोघांनी समोरासमोर बसायचं. बसलेले दोघं बांबू आधी एकमेकांवर आपटतात, मग फूटभर फाकवून फळ्यांवर दोनदा ठोकतात. ठक्, टप, टप. तीन मात्रांचा ठेका. नाचणाऱ्या जोडीने दोन ‘टप’च्या वेळात दोन पावलं बांबूंच्या आत टाकायची आणि पुढच्या ‘ठक्’ला पलीकडे निघून जायचं. पाय अनवाणी असतात. क्षणभर उशीर झाला तर घोटा बांबूंत सापडतो. नाच रंगतो तशी लय चढत जाते, आणि पाहणाऱ्यांचे डोळे नाचणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून हळूहळू पायांवर उतरतात.

फिलिपीन्स म्हटलं की जगाला आठवतो तो हा नाच, तिनिक्लिंग. व्हिसायास बेटांमधल्या लेते बेटाचा हा वारसा मानला जातो. तिथल्या भातखाचरांत तिक्लिंग नावाचे लांब पायांचे पक्षी असतात, आपल्या पाणकोंबडीच्याच कुळातले. भाताच्या राखणीसाठी शेतकरी बांबूचे फासे लावत. त्या फाशांमधून, गवतातून, पडलेल्या फांद्यांवरून हा पक्षी चपळाईने पाय उचलत निसटतो आणि नाचणारा त्याचीच नक्कल करतो, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

पण नाच बारकाईने पाहिला की त्यात एकाच काळाचं, एकाच मातीचं असं फारच थोडं सापडतं. पक्षी आणि बांबू तिथलेच. तीन मात्रांची चाल मात्र ‘होता’ नावाच्या स्पॅनिश नाचाच्या आणि वॉल्ट्झच्या वळणाची. साथीला असते ती रोंदाल्या, म्हणजे बांदुरिया, लाउद, गिटार अशा तारवाद्यांचा ताफा. तो स्पॅनिश अमदानीत आला आणि तिथल्या कारागिरांनी आपल्या लाकडातून नव्याने घडवला. बाईच्या कमरेला पाताद्योंग, व्हिसायासच्या मागांवर विणलेलं चौकड्यांचं नळीसारखं वस्त्र. पुरुषाच्या अंगात बारोंग, आणि विजारीचा एक पाय चिखलातून आल्यासारखा वर दुमडलेला. तीन-चारशे वर्षांचा इतिहास असा एकाच जोडीच्या अंगावर चढलेला असतो.

याच नाचाची दुसरी एक जन्मकथाही सांगतात. स्पॅनिश जमीनदारीत कामचुकार मजुराला दोन बांबूंमध्ये उभं करून त्याच्या घोट्यांवर ते आपटत. तो मार चुकवायला उड्या मारी आणि त्या उड्यांचाच पुढे नाच झाला. ही कथा तोंडी चालत आली आहे आणि ती का टिकली हे उघड आहे. शिक्षेचं रूपांतर कलेत करणारा माणूस कुठल्याही गुलाम झालेल्या समाजाला आपला वाटतो. पण नाचाचा उगम म्हणून ती मला पटत नाही. मिझोराममधला चेरॉ पाहा. आडव्या-उभ्या बांबूंच्या जाळीत मिझो मुली तसंच पाऊल टाकतात. बाळंतपणात दगावलेल्या बाईच्या आत्म्याला परलोकाची वाट सुकर व्हावी म्हणून पूर्वी तो नाचत, असं तिथे सांगतात. व्हिएतनामच्या डोंगराळ भागात आणि चीनच्या हायनान बेटावरही बांबूंचे असे नाच आहेत. यातल्या कुठल्याच ठिकाणी स्पॅनिश जमीनदार नव्हता, आणि तिक्लिंगची कथाही नव्हती. तेव्हा पक्षी पावलांचा उलगडा करतो, शिक्षेची कथा लोकांच्या मनाचा करते. बांबू बहुधा या दोन्हींहून जुने असावेत, आग्नेय आशियाभर पसरलेल्या एखाद्या जुन्या खेळातून किंवा विधीतून आलेले.

या बेटांवर नाच आणि विधी वेगळे नव्हते, याची लेखी साक्ष आहे. 1521 साली मॅगेलनबरोबर आलेल्या पिगाफेत्ताने सेबू इथे डुकराचा बळी देण्याचा विधी पाहिला, त्यात दोन म्हाताऱ्या बायका नाचत होत्या. पुढे धर्मोपदेशकांनी असे विधी मोडून काढले, तरी नाच संपला नाही. तो संतांच्या उत्सवात शिरला. बुलाकान प्रांतातल्या ओबांदो गावी मूल व्हावं म्हणून जोडपी आजही मे महिन्यात मिरवणुकीत नाचतात. फिलिपिनो लेखक होसे रिसालच्या 1887 च्या कादंबरीतही त्याचा उल्लेख येतो.

तिनिक्लिंग गावातून देशात कसा आला, हा या मागोव्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. त्याच बुलाकान प्रांतातल्या बोकाउए इथे 1899 साली जन्मलेल्या फ्रान्सिस्का रेयेस या व्यायामशिक्षिका होत्या. स्पेनची सत्ता जाऊन अमेरिकेची आली होती आणि अमेरिकनांनी काढलेल्या शाळांमधून मुलं परक्यांचे नाच शिकत होती. बाईंनी खेड्यापाड्यांतले नाच आणि खेळ गोळा करून 1926 साली फिलिपीन्स विद्यापीठाला प्रबंध सादर केला. 1934 मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष होर्हे बोकोबो यांनी लोकगीतं आणि लोकनृत्यांसाठी समिती नेमली आणि हे काम देशभर पसरलं. बाई पावलं टिपायच्या, संगीतकार आंतोनिनो बुएनाव्हेन्तुरा चाली उतरवून घ्यायचे, आणि रामोन तोलेन्तिनो हे तिसरे सोबती, ज्यांच्याशी बाईंनी पुढे लग्न केलं.

बाईंची नोंदवही कशी होती ते त्यांच्या पुस्तकांवरून दिसतं. प्रत्येक नाच कुठला, वेश काय, ताल किती मात्रांचा, जोड्यांनी उभं कसं राहायचं, आणि मग टप्प्याटप्प्याने कुठल्या मात्रेला कुठलं पाऊल. ज्याने तो नाच जन्मात पाहिला नाही असा मास्तरही पुस्तक उघडून वर्गात शिकवू शकेल, इतकं चोख. 1946 साली त्यांचं राष्ट्रीय नृत्यांवरचं पुस्तक न्यूयॉर्कहून निघालं, त्यात तिनिक्लिंग आहे. विनोबांमुळे आपल्या ओळखीचा झालेला मॅगसेसे पुरस्कार बाईंना 1962 मध्ये मिळाला, आणि 1973 मध्ये त्या नृत्यासाठीच्या पहिल्या राष्ट्रीय कलावंत ठरल्या.

कागदावर उतरताना काहीतरी निसटतंच. गावात एकेकाची वेगळी उडी, वेगळी खोडी असणार. पुस्तकात एकच पाठ उरतो. तरीही या बाईंचं ऋण फार मोठं आहे. दुसऱ्या महायुद्धाने देशाची राखरांगोळी केली, 1944 मध्ये अमेरिकी फौजा लेतेच्याच किनाऱ्यावर उतरल्या. त्यातून सावरणाऱ्या शाळांच्या हाती हे नाच लिहिलेल्या रूपात तयार होते.

पुढची पायरी रंगमंचाची. 1957 मध्ये मनिलाच्या फिलिपीन विमेन्स युनिव्हर्सिटीत हेलेना बेनितेझ यांनी बायानिहान हा नृत्यसंच उभा केला. नृत्यरचना लुक्रेसिया रेयेस-उर्तुला यांची, संगीत लुक्रेसिया कासिलाग यांचं. 1958 च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात त्यांनी युरोपची वाहवा मिळवली, पुढच्याच वर्षी ब्रॉडवेवर प्रयोग झाले. तिनिक्लिंग खेड्यातल्या नाचांच्या गुच्छात आणि बहुतेक वेळा शेवटी ठेवलेला असे, कारण वेग वाढत जाणाऱ्या नाचानंतर दुसरं काही टिकत नाही. लेतेच्या शेतकऱ्याचा नाच असा देशाची ओळख झाला.

त्याच कार्यक्रमातल्या दुसऱ्या बांबू-नृत्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. मिंदानाओ बेटावरच्या लानाओ सरोवराकाठी राहणाऱ्या मरानाओ मुसलमानांचा सिंगकिल. आपटणाऱ्या बांबूंमधून राजघराण्यातली मुलगी हातात पंखे घेऊन, मान ताठ ठेवून, पायांकडे न बघता चालते. साथीला कुलिंतांग, म्हणजे ओळीने मांडलेल्या लहान गाँगचा नाद. तिची कथा दारांगेन या महाकाव्याशी जोडतात. 72,000 ओळींचं हे काव्य युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. याच मरानाओंकडे महारादिया लावाना नावाची रामकथाही आहे, रावणाच्या नावाने ओळखली जाणारी. संशोधक हुआन फ्रान्सिस्को यांनी ती 1969 मध्ये प्रसिद्ध केली.

मूळचा सिंगकिल बायकांचा, घराण्यातल्या लेकीचा रुबाब दाखवणारा. रंगमंचावर आल्यावर त्यात ढाल-तलवारवाला राजपुत्र आला, दासी आल्या, बांबू वाढले, वेग वाढला. दक्षिणेतल्या वेगवेगळ्या जमातींचे नाच एकाच ‘मुस्लिम’ गटात बसवले गेले. आपल्या नाचाचं हे रूप आपलं नाही, अशी तक्रार मरानाओंमधून आणि अभ्यासकांमधूनही होत आली आहे, आणि ती रास्त आहे. तिनिक्लिंग बदलला तेव्हा बदलणारे आणि ज्यांचा नाच होता ते, दोघंही स्वतःला एकाच राष्ट्राचे मानत होते. मरानाओ मात्र स्पेनपुढे कधी पुरते झुकले नाहीत आणि मनिलाच्या राष्ट्रकल्पनेतही त्यांना काठावरचीच जागा मिळाली. त्यांच्या राजकन्येला देशाची शोभा करताना त्यांना विचारायला हवं होतं.

तिनिक्लिंग यानंतर समुद्रापार गेला. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांत फिलिपिनो वंशाची मुलं दरवर्षी सांस्कृतिक रात्री भरवतात, तिथे तो हटकून असतो. त्यातल्या अनेकांची पहिली भाषा इंग्रजी असते आणि लेते त्यांनी पाहिलेलं नसतं, पण ही मुलं महिनोन्‌महिने घोटे बडवून घेत सराव करतात. अमेरिकेतल्या शाळांनीही तो व्यायामाच्या तासाला घेतला. तिथे सोयीसाठी तीन मात्रांच्या चार झाल्या, दोनदा बाहेर आणि दोनदा आत, म्हणजे कुठल्याही पॉप गाण्यावर नाचता यावं. लहान मुलांसाठी बांबूंऐवजी लवचीक पट्टे आले, जे दोघं जण घोट्यांना अडकवून उड्या मारतात आणि मधली मुलं त्यांच्या तालावर आतबाहेर करतात. यात कोणाच्या घोट्याला इजा होत नाही, आणि ते पाऊल लेतेच्या खाचरातल्या पक्ष्याचं आहे हे त्या मुलांना बहुधा कोणी सांगत नाही.