पाप : ओझे आणि कर्ज

तारण म्हणजे उद्धार, आणि सावकाराकडे गहाण ठेवलेली वस्तूही. मराठी बायबल वाचताना या शब्दापाशी मी थबकतो. जुन्या हिब्रू ग्रंथांत पाप बहुधा ओझे असते. लेवीयच्या 16व्या अध्यायात बकरा ते वाहून रानात नेतो. पुढे यहुद्यांत अरामी भाषा रूढ झाली. तिच्यात ‘होबा’ म्हणजे कर्ज आणि पापही. म्हणूनच येशूच्या प्रार्थनेत मत्तय ‘ऋणे’ म्हणतो, तिथे लूक ‘पापे’ म्हणतो. ओझे रानात सोडता येते. कर्जात मात्र समोर धनको असतो. मत्तयाच्या 18व्या अध्यायातल्या चाकराला राजा 10,000 तालांतांचे, कधीच न फिटणारे कर्ज माफ करतो. तोच चाकर 100 दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो, आणि त्याची माफी रद्द होते. मिळालेली माफी पुढे दिली नाही तर तारण टिकत नाही, असे मला यातून उमगते.