बाळाच्या पाठीवरचे हात

बाळ फार रडतं, कारण जन्मताना त्याच्या मणक्यावर दाब बसला. हलक्या हाताने दाबून आम्ही तो नीट करतो, असं सांगणारे व्हिडिओ आता आपल्याही मोबाईलवर येतात. या विद्येला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. नाव जड आहे, पण आपल्याकडचा हाडवैद्य डोळ्यांपुढे आणलात की अर्धं कळेल. ही विद्या तान्ह्या बाळापर्यंत कशी पोचली, ती गोष्ट आज सांगते.

गोष्ट अमेरिकेतली आहे. आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी डॅव्हनपोर्ट नावाचं शहर आहे. तिथे डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकाचे उपचार करायचे. त्याआधी त्यांनी शाळामास्तरकी केली होती, मधमाश्या पाळल्या होत्या, किराणा दुकानही चालवलं होतं. १८९५ सालच्या सप्टेंबरात त्यांच्या इमारतीत झाडलोट करणारे हार्वे लिलार्ड त्यांच्याकडे आले. लिलार्डना बरीच वर्षं ऐकू येत नव्हतं. वाकून काम करताना पाठीत काहीतरी सटकलं आणि तेव्हापासून कान गेले, असं त्यांचं सांगणं. पामरनी पाठीचा एक मणका दाबला, आणि लिलार्डना ऐकू यायला लागलं, असा पामरांचा दावा. आता गंमत बघा. कानाची नस पाठीच्या कण्यातून जातच नाही, ती कवटीच्या आतून थेट मेंदूला मिळते. पण पामरांनी त्यावर अख्खं शास्त्र उभं केलं. शंभरातले ९५ आजार मणके सरकल्याने होतात, असं ते म्हणू लागले. १८९७ मध्ये शाळा काढली, १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून तुरुंगातही जाऊन आले.

एकदा सगळ्या दुखण्याचं मूळ मणक्यात धरलं, की पुढचा प्रश्न येतोच: मणका पहिल्यांदा सरकला कधी? उत्तर तयार होतं. जन्मताना.

या उत्तरात खऱ्याचा एक कण आहे, म्हणून ते पटतं. बाळ अरुंद वाटेने येतं. कवटीची हाडं एकमेकांवर चढतात, डोकं लांबुळकं दिसतं. आपल्या सुईणींनी आणि न्हाऊ घालणाऱ्या बायांनी हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. म्हणून तर टाळू भरायची, डोकं गोल करायची रीत पडली. खरं म्हणजे ती हाडं काही दिवसांत आपली आपण जागेवर येतात, दाबून गोल करावं लागत नाही. पण जन्माच्या वेळी खरोखर इजा होते ती निराळी. लंडनचे डॉक्टर विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये सांगितलं की अडलेल्या बाळंतपणात बाळाचा श्वास कोंडला तर मेंदूला इजा होते, पुढे हातपाय ताठरतात. त्यांचा स्वतःचा एक पाय लहानपणापासून अधू होता. आणि १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टर व्हर्जिनिया ॲपगार यांनी जन्मल्यावर एका मिनिटात बाळाच्या पाच गोष्टी बघून गुण द्यायची रीत घातली: रंग, नाडी, चिमटा घेतल्यावरची हालचाल, अंगातला जोर, श्वास. दवाखान्यात बाळंतीण झालेल्या सख्यांनो, तुमच्या कागदावर असा दहापैकी आकडा बहुतेक लिहिलेला असेल. या पाचांत पाठीचा मणका कुठेच नाही.

मग मणका दाबल्यावर रडणं थांबलं म्हणणाऱ्या आया खोटं बोलतात का? मुळीच नाही. नॉर्वेतल्या बर्गेन शहरातल्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं, २००१ मध्ये ते छापून आलं. सारखी रडणारी ८६ बाळं होती. काहींच्या पाठीवर कायरोप्रॅक्टरने उपचार केले. बाकीच्यांना नर्सने नुसतं दहा मिनिटं जवळ धरलं. कोणत्या बाळाला काय केलं हे आईबापांना सांगितलं नाही. उपचार केलेल्यांत शंभरातली सुमारे ७० बाळं सुधारली, नुसती धरलेल्यांत ६०. एवढा फरक योगायोगानेही पडतो, असं हिशेबाने ठरलं. म्हणजे बाळं दोन्हीकडे शांत झाली, कारण तो दिवसांचा गुण होता. अमेरिकेतल्या डॉक्टर ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्येच नोंदवलं होतं की चांगल्या तब्येतीचं बाळही सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त रडतं, मग रडणं ओसरत जातं. आई अगदी थकून जाते तेव्हाच कुणाकडे तरी नेते. तोवर ओसरायची वेळ आलेलीच असते. श्रेय ज्याच्या हाती बाळ असेल त्याला. आपल्याकडे तेच श्रेय दृष्ट काढणारीला मिळतं, आणि मेळघाटात पोटावर तापल्या विळ्याचे चटके देणाऱ्यालाही. हलका हात आणि चटका यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, पण दोन्हींना श्रेय मिळतं ते याच कारणाने.

ऑस्ट्रेलियात दोन आठवड्यांच्या बाळाला पायांनी उलटं धरून उपचार केल्याचा व्हिडिओ लोकांनी पाहिला आणि गदारोळ झाला. २०१९ मध्ये तिथल्या कायरोप्रॅक्टिक मंडळानेच दोन वर्षांखालच्या बाळांचे मणके दाबणं थांबवलं. व्हिक्टोरिया राज्याने पुरावे तपासले. इजा झाल्याच्या नोंदी फारच थोड्या सापडल्या, पण फायद्याचा भक्कम पुरावाही मिळाला नाही. पुढे मंडळाने बंदी उठवली, आणि सरकारच्या दबावाने २०२४ मध्ये पुन्हा घातली.

आपल्या घरातलं हलकं मालीश आईला आणि बाळाला दोघांना सुखाचं असतं, ते चालू द्या. मात्र झटका, उलटं टांगणं, मान मुरडणं नको. रडण्याने जीव मेटाकुटीला आला तर बाळाला गदागदा हलवू नका. सुरक्षित जागी पाठीवर निजवा, पाच मिनिटं अंगणात जा, सासूबाईंना हाक मारा. पण एक हात लुळा पडलाय, दूध ओढत नाही, अंग गरम किंवा गार लागतंय, हिरवी उलटी होतेय, तर त्याच दिवशी दवाखाना. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. त्यांना बाळाचे कपडे काढून दोन्ही हात हलतात का, ते बघायला सांगा.