श्वानप्रशिक्षण वर्गाची निवड : धाकाऐवजी बक्षीस

कुत्र्याने अपेक्षित कृती करताच त्याला आवडता खाऊ, खेळ किंवा शाबासकी देणे, ही बक्षिसावर आधारित श्वानप्रशिक्षणाची मूळ रीत होय. ज्या कृतीचे फळ सुखद असते ती प्राणी पुन्हा करतो, हे तिच्यामागील तत्त्व. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून ते दाखवून दिले, पुढे बी. एफ. स्किनर यांनी त्याचा विस्तार केला.

याउलट, पट्ट्याला हिसका देणे, काटेरी किंवा विजेचा धक्का देणारा पट्टा वापरणे, दरडावणे ही धाकाची साधने आहेत. पोर्तुगालमधील सात प्रशिक्षण संस्थांतील ९२ कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे अधिक दिसली आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल या संप्रेरकाचे प्रमाणही अधिक वाढले. प्राणिवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये सर्व कुत्र्यांसाठी, आक्रमक कुत्र्यांसाठीही, बक्षीस पद्धतीचीच शिफारस केली.

‘मालकाने कळपाचा म्होरक्या व्हावे’ असे सांगणाऱ्या प्रशिक्षकाबाबत सावध राहावे. ही कल्पना बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. जंगलातील कळप हे बहुधा आईवडील आणि पिल्ले यांचे कुटुंब असते, असे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये स्पष्ट केले.

नाव नोंदवण्यापूर्वी कुत्र्याला न नेता एक वर्ग प्रत्यक्ष पाहावा. प्रशिक्षकाच्या बोलण्यापेक्षा तेथील कुत्र्यांकडे लक्ष द्यावे. सैल अंग आणि उत्सुक नजर ही समाधानाची चिन्हे होत. शेपूट पायांत घालणे, कान मागे पाडणे, वारंवार ओठ चाटणे किंवा जांभया देणे ही भीतीची किंवा ताणाची लक्षणे असू शकतात. कुत्र्यांमध्ये पुरेसे अंतर, सावली, पाणी आणि उन्हाची वेळ टाळणारे वेळापत्रकही पाहावे.

प्रशिक्षकाला दोन प्रश्न अवश्य विचारावेत : कुत्र्याने बरोबर केले तर काय घडेल आणि चुकले तर काय घडेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोघम असेल, तर तो वर्ग टाळावा. पालकालाही शिकवणारा वर्ग चांगला. कुत्र्याला काही आठवडे पालकाच्या नजरेआड ठेवणाऱ्या योजनांत त्याला कसे वागवले जाते हे समजत नाही. जिवंत प्राण्याच्या वर्तनाची शंभर टक्के हमी कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही.

पिल्लाचे पहिले तीन महिने माणसांशी व परिसराशी ओळख होण्यासाठी महत्त्वाचे असतात. पहिली लस व जंतनाशक दिल्यानंतर किमान सात दिवसांनी, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्याला वर्गात नेता येते. वर्गातील इतर पिल्लांचेही लसीकरण झाले आहे का, याची चौकशी करावी. मोठा कुत्रा अचानक चिडचिडा झाल्यास आधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी, कारण त्यामागे वेदना असू शकते.

प्राण्याला मारहाण करून अनावश्यक वेदना देणे हा भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये गुन्हा आहे. प्रशिक्षण हे कारण पुढे केल्याने त्या क्रूरतेला मुभा मिळत नाही.