पोषकद्रव्य व्यवस्थापन कार्यक्रम, मेरिलँड

शेतातील नत्र व स्फुरद चेसापीक उपसागरात जाऊ नये म्हणून अमेरिकेच्या मेरिलँड राज्याने राबविलेला कायदेशीर कार्यक्रम.

चेसापीक करारात (१९८७) दोन्ही द्रव्यांत ४० टक्के घट करण्याचे उद्दिष्ट होते. १९९७ मध्ये पोकोमोक नदीत मासे मेल्यानंतर १९९८ च्या जलगुणवत्ता सुधारणा कायद्याने शेतकऱ्यांना लेखी आराखडा बंधनकारक झाला (पहा : अतिपोषण, जलाशयांचे).

वार्षिक ढोबळ उत्पन्न २,५०० डॉलर किंवा त्याहून अधिक असलेली, अथवा एकूण ८,००० पौंड वा अधिक वजनाची जनावरे असलेली शेते यात येतात. आराखडा माती परीक्षण, शेणखताचे पृथक्करण व अपेक्षित उत्पादन यांवर बेततात (पहा : मृदा परीक्षण). अंमलबजावणीचा अहवाल दरवर्षी १ मार्चपर्यंत राज्याच्या कृषिखात्याकडे द्यावा लागतो. हिवाळ्यात खत पसरण्यास सामान्यतः बंदी असते.

खरा पेच स्फुरदाचा आहे. कोंबडीखतात नत्राच्या मानाने स्फुरद पिकाच्या गरजेहून जास्त असतो. त्यामुळे नत्राच्या हिशेबाने खत घातले की स्फुरद जमिनीत वर्षानुवर्षे साठतो. मातीच्या कणांबरोबर तो वाहून जातोच, पण साठा फार वाढल्यावर पाण्यात विरघळूनही निसटतो. ईस्टर्न शोअर भागात कुक्कुटपालन दाट असल्याने हा साठा तेथे विशेष आढळतो (पहा : कुक्कुटपालन). म्हणून २०१५ च्या नियमांनी स्फुरद निर्देशांक १५० वा अधिक असलेल्या शेतांत, वाहून जाण्याचा धोका तपासून खताची मात्रा ठरविणे आवश्यक केले. उरलेले खत इतरत्र नेण्यास राज्य अर्थसाहाय्य देते.