हेडलाइटचा बल्ब घरच्या घरी बदलता येतो का? घाटात अंधार होण्याआधी आपली गाडी तपासून घ्या

मांजरसुंबा : सोलापूर-धुळे महामार्ग, पाटोद्याकडून येणारा रस्ता आणि केज-अंबाजोगाईकडं जाणारा रस्ता मांजरसुंब्यात भेटतात. इथली वर्दळ रात्रीही थांबत नाही. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मजुरांच्या गाड्या, मालट्रक आणि मधूनच अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाकडं पेशंट घेऊन निघालेली एखादी जीप. अशा रस्त्यावर गाडीचा एक हेडलाइट गेला, की समोरच्याला ती चारचाकी मोटारसायकलसारखी दिसते. तो तेवढीच जागा सोडतो आणि तिथंच घात होतो. उजव्या बाजूचा लाइट गेलेला असेल तर धोका जास्त, कारण गाडीची तीच बाजू समोरून येणाऱ्याच्या जवळ असते.

बल्ब गेला तर बदलायचा, त्यात काय एवढं, असं आपण म्हणतो. पण नव्या गाडीचं बोनेट उघडलं की कळतं, आत हात घालायलाच जागा नाही. काही गाड्यांत तर बदलण्यासारखा बल्बच नसतो. म्हणून आपल्या गाडीत काय आहे, हे लाइट गेल्यावर नाही, आधीच दिवसाउजेडी बघून ठेवायला हवं.

पूर्वी सोपं होतं, आता अवघड का झालं?

जुन्या जीपला आणि अँबेसेडरला सात इंची गोल लाइट असायचा. पुढची रिंग काढली की अख्खा लाइट हातात यायचा. युरोपात १९६२ साली हेडलाइटसाठी एच-१ हा पहिला हॅलोजन बल्ब आला. १९७१ साली एच-४ आला. यात डिपर आणि अप्पर अशा दोन्हींच्या तारा एकाच बल्बात असतात. आपल्याकडच्या गाड्यांत हा बल्ब अनेक वर्षं चालला, अजूनही चालतो.

पुढं गाड्यांची ठेवण बदलली. बोनेट आखूड झालं आणि त्याच जागेत एसीचे पाइप, मोठी बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, काचेवर पाणी मारायची टाकी असं सगळं बसवलं गेलं. लाइट मोठे होऊन बाजूच्या पत्र्यापर्यंत वळले. त्यामुळं बल्बची मागची बाजू नेमकी बॅटरीच्या किंवा टाकीच्या आड जाते. काही गाड्यांत चाकाच्या आतलं प्लास्टिक सोडवून तिथून हात घालावा लागतो. काहींत बंपर उतरवल्याशिवाय लाइट निघतच नाही.

युरोपातले बरेच देश पाळतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या नियमात यावर एक अट आहे. बल्ब जाणकार माणसाची मदत न घेता, गाडीसोबत मिळालेल्या हत्यारांवर बदलता आला पाहिजे. पण ज्या लाइटमधला प्रकाशाचा स्रोत बदलायचाच नसतो, अशा एलईडी लाइटला ही अट लागत नाही. म्हणजे गाडी जेवढी नवी आणि महाग, तेवढं आपल्या हातात कमी उरतं.

आपल्या गाडीत कोणता लाइट आहे?

गाडीच्या माहितीपुस्तकात बल्बचा नंबर दिलेला असतो. पुस्तक हरवलं असेल तर बल्बच्या बुडाशी इंग्रजीत छापलेला नंबर वाचा.

● एच-४ : एकाच बल्बात डिपर-अप्पर, मागं तीन पिना. १२ व्होल्टचा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. बदलायला सगळ्यात सोपा.

● एच-७, एच-११, एचबी-३ : यात एका बल्बात एकच तार, म्हणून डिपर आणि अप्परचे बल्ब वेगळे. एच-७ आणि एच-११ हे ५५ वॅटचे, एचबी-३ हा ६० वॅटचा. जागा असेल तर घरी बदलता येतात, पण नंबर चुकला तर बसत नाहीत.

● एचआयडी म्हणजे झेनॉन : पांढरा-निळसर उजेड, चालू केल्यावर पूर्ण उजेड यायला काही क्षण लागतात. हा लाइट पेटताना वीस हजार व्होल्टच्या वर दाब तयार होतो. याला घरी हात लावू नका.

● एलईडी : दिवे आणि त्यांचं सर्किट लाइटच्या आत बंद असतं. बहुतेक गाड्यांत सुटा बल्ब मिळत नाही, अख्खा लाइट बदलावा लागतो. हॅलोजन बल्ब काहीशे रुपयांत येतो, हा खर्च हजारोंच्या घरात जातो.

एकाच मॉडेलच्या खालच्या प्रकाराला हॅलोजन आणि वरच्या प्रकाराला एलईडी असंही असतं. त्यामुळं शेजाऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीचा अंदाज बांधू नका.

बल्बच गेलाय का, ते आधी बघा

एका बाजूचा फक्त डिपर बंद आणि अप्पर चालू असेल, तर बहुतेक वेळा बल्बातली एक तार तुटलेली असते. दोन्ही बाजू एकदम बंद पडल्या तर दोन्ही बल्ब एकाच वेळी जाणं अवघड. अशा वेळी फ्यूज, रिले किंवा स्विच तपासा. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या लाइटला वेगळे फ्यूज असतात, म्हणून एकच बाजू गेली तरी फ्यूज बघून घ्या. फ्यूज कुठला, ते डब्याच्या झाकणावर किंवा माहितीपुस्तकात असतं. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा टाका. तार किंवा चांदी लावून काम भागवू नका.

कपलर वितळलेला, काळा पडलेला दिसला तर नवा बल्ब टाकून उपयोग नाही. तोही जळेल. आधी कपलर बदलून घ्या.

एच-४ बल्ब असा बदला

१. गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन आणि लाइट बंद करा, चावी काढा. लाइट चालू होता तर पंधरा मिनिटं थांबा. हॅलोजन बल्ब हात भाजेल इतका तापतो.

२. बोनेटची काठी नीट लावा. कशाच्या आड काय आहे ते बघा आणि मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. परत बसवताना कामी येतो.

३. मागचा तीन पिनांचा कपलर धरून सरळ मागं ओढा. वायर धरून ओढू नका.

४. रबरी कव्हर काढा. आत तारेची क्लिप असते. ती आत दाबून बाजूला सरकवली की सुटते. ती कशी अडकली होती ते नीट बघून ठेवा, कारण नवीन माणूस इथंच अडकतो.

५. जुना बल्ब बुडाला धरून बाहेर घ्या. नवा बल्बही बुडालाच धरा, काचेला बोट लावू नका. हाताचा तेलकटपणा काचेवर राहिला तर तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून बोट लागलं तर स्वच्छ कापडावर स्पिरिट घेऊन पुसा आणि वाळू द्या.

६. बल्बच्या बुडाला तीन कान असतात. ते खाचेत बसतील तसाच बल्ब बसतो. जोर लावू नका. वाकडा बसला तर उजेड भलतीकडं पडतो.

७. क्लिप लावा, रबर चारही बाजूंनी नीट दाबून बसवा, कपलर लावा. रबर सैल राहिलं तर धूळ आणि पावसाचं पाणी आत जाऊन लाइट आतून धुरकट होतो.

८. डिपर आणि अप्पर दोन्ही लावून बघा.

दोन्ही बाजूंचे बल्ब सारखेच वापरले जातात. एक गेला की दुसरा बहुधा फार दिवस टिकत नाही. म्हणून जमलं तर जोडीनं बदला आणि जुना चालू असलेला बल्ब डब्यात जपून गाडीत ठेवा. बल्ब सारखे सारखे जात असतील तर चार्जिंग तपासून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत. जास्त येत असेल तर दोष अल्टरनेटरकडं आहे.

जास्त उजेडाच्या नादात

लाइट कमी पडतो म्हणून शंभर वॅटचा बल्ब टाकणारे बरेच आहेत. हिशोब सोपा आहे. साठ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर करंट ओढतो, शंभर वॅटचा आठच्या वर. कंपनीची वायर आणि कपलर तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. ते तापतात, वितळतात. आतला चमकदार रिफ्लेक्टरही काळवंडतो आणि शेवटी उजेड पहिल्यापेक्षा कमी होतो.

हॅलोजनच्या लाइटमध्ये एलईडी बल्ब कोंबण्याचंही तसंच. रिफ्लेक्टरचा आकार हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीचा उजेड तिथूनच निघेल असं नाही. मग तो समोरच्याच्या डोळ्यात जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ याच्यासाठीच आहे. समोर ८ मीटरवर, लाइटच्या उजवीकडं अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला लाइटनं अंधारी येता कामा नये. म्हणजे समोरून येणाऱ्या ड्रायव्हरचा विचार नियमातच केलेला आहे.

बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ किंवा ४ आकड्यांची एक चकती असते. मागं माणसं किंवा माल भरला की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. तेव्हा आकडा वाढवा म्हणजे लाइट खाली येतो. गाडी रिकामी असेल तर शून्यावर ठेवा.

एलईडी असेल तर खर्च कोण देणार?

गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूमला दाखवा. बाहेर वायर कापून काही जोडून घेतलं असेल तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. साध्या विम्यात झीज आणि विजेचा बिघाड बसत नाही. अपघातात लाइट फुटला तर विमा मिळतो, पण प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापला जातो. आताच्या हेडलाइटची पुढची काच म्हणजे प्लास्टिकच असते. झिरो डेप्रिसिएशनचा विमा असेल तर ही कपात होत नाही. विमा भरताना एवढं नक्की विचारा. गाडी घेतानाही हाच प्रश्न विचारा : लाइट गेला तर काय बदलावं लागेल आणि किती रुपये लागतील?

रात्री रस्त्यातच लाइट गेला तर

● दोन्ही लाइट गेले तर पार्किंग लाइटवर किंवा मोबाइलच्या बॅटरीवर गाडी चालवू नका. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, वळण सोडून गाडी उभी करा. चारही इंडिकेटर लावा आणि मागं पन्नासेक पावलांवर लाल त्रिकोण ठेवा. माणसांना उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा.

● एकच गेला असेल तर डावी बाजू धरून, हळू, उजेडाच्या ठिकाणापर्यंतच जा. तेवढ्यासाठी अप्पर लावून ठेवू नका.

● राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, पोलिसांसाठी ११२, पेशंट सोबत असेल तर १०८ लावा.

दुचाकीवाल्यांसाठी

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनसोबत आपोआप चालूच राहतो. दिवसा चालू असल्यानं तो कधी गेला ते कळत नाही. संध्याकाळी निघण्याआधी भिंतीसमोर गाडी उभी करून डिपर-अप्पर बघून घ्या.

हे काम आजच करा

दिवसा बोनेट उघडा. बल्बचा नंबर वाचून मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दोन्ही बाजूंनी हात पोचतो का ते बघा. पोचत असेल तर एक जादा बल्ब, दोन फ्यूज, एक स्वच्छ फडकं आणि लाल त्रिकोण गाडीत ठेवा. पोचत नसेल तर जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला गाडी दाखवा. त्याला हे काम जमतं का, बंपर काढावा लागेल का, किती वेळ लागेल, हे विचारून त्याचा नंबर घेऊन ठेवा.